होबार्टकाकांची माती

होबार्ट फ्यूगेट, म्हणजे गावाचे होबार्टकाका, कोळशाच्या खाणीतून जिवंत बाहेर आले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि दर वर्षी ते आत थोडा जास्त वेळ काढत होते.

गोल्डा आयसनला हे वाढतं माप तोंडपाठ होतं. क्रॅबट्री फोर्कच्या शाळेत ती पोरांचं जेवण रांधायची, म्हणून दर सप्टेंबरात ‘कोळसा दिना’ला घेवड्याच्या पातेल्यामागे डाव घेऊन उभं राहण्याचा मानही तिचाच. समोर लाकडी मंच, मंचावर होबार्टकाका. ती लहान असताना काका स्फोटानंतर दोन रात्री अंधारात बसले होते. ती तरुण झाली तोवर चार रात्री झाल्या आणि काकांनी भुकेपायी कमरेचा पट्टा चावून खाल्ला. मग गोष्टीत मॉड नावाचं एक खेचर शिरलं. आधी ते नुसतं मेलेलं होतं. पुढे ते काकांना ऊब देऊन मेलं, आणि मागच्या वर्षी तर मरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता मुक्काम सात रात्रींचा झाला होता. बायबलात तीन रात्री माशाच्या पोटात काढणाऱ्या योनालासुद्धा काकांनी चार रात्रींनी मागे टाकलं होतं.

“पुढच्या वर्षी हे खेचर प्रार्थना म्हणणार,” गोल्डा पातेल्याकडे बघून पुटपुटली.

गावाला हे सगळं कळत होतं आणि गावाला हे सगळं हवं होतं. कंपनी कधीच निघून गेली होती, दुकानाच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, तरणी पोरं गाड्या भरून ओहायोच्या कारखान्यांत कामाला गेली होती. उरला होता एक चमत्कार, आणि तो खोकत खोकत का होईना, दर वर्षी मंचावर चढत होता. अशा माणसाला खोटं कोण पाडणार? गोल्डा पाडणार होती. तिला दुसरं काही नको होतं. एका दगडावर तिच्या बापाचं नाव हवं होतं.

खाणीत पितळेचं राज्य होतं. प्रत्येक माणसाला एकाच नंबरचे दोन गोल बिल्ले मिळायचे. आत जाताना एक दिव्यांच्या खोलीतल्या फळीवर टांगायचा, दुसरा कमरपट्ट्याला. संध्याकाळी फळीवर बिल्ला उरला तर माणूस आत उरला, आणि आतला माणूस ओळखण्यापलीकडे गेला तर पट्ट्यावरचा बिल्ला त्याचं नाव सांगायचा. कंपनीला माणसांची तोंडं पाठ नव्हती, नंबर पाठ होते. म्हणून वस्तीनं तिला तिच्याच पितळेनं फसवायची रीत काढली. कुणाला ताप, कुणाची बायको बाळंत, कुणाला नुसताच सोमवार जड, तर शेजारी त्याचा बिल्ला लावून खाली उतरायचा. वाटीभर साखर उसनी मागावी तसा बिल्ला मागत. मुकादमाला सगळं ठाऊक असायचं, पण त्याला मतलब कोळशाशी. खाली सगळ्यांचीच तोंडं काळी.

गोल्डाचा बाप एल्झी आयसन दोन वर्षं असा उसन्या पितळेवर जगत होता. त्यानं दुकानाच्या ओट्यावर बसून युनियनबद्दल दोन शब्द जरा मोठ्यानं काढले, आणि कंपनीनं त्याचं नाव काळ्या यादीत घातलं. स्वतःच्या नावानं त्याला त्या डोंगरात कुणी फावडंही धरू दिलं नसतं. तेव्हा आज ह्याचा बिल्ला, उद्या त्याचा. अडतीस सालच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पाळी आली होबार्ट फ्यूगेटच्या दोनशे बारा नंबरची. व्हर्लीनं, म्हणजे गोल्डाच्या आईनं, तो बिल्ला एप्रनला पुसून नवऱ्याच्या पट्ट्याला स्वतःच्या हातानं लावला.

दहाच्या सुमारास डोंगर हलला. फळीवर चौदा बिल्ले राहिले. आत आग होती, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या साहेबानं खाणीच्या तोंडावर भिंत घालायला लावली. बायका किंचाळत होत्या आणि गवंडी विटा लावत होते. शनिवारी दुपारी पलीकडच्या टेकाडावरून होबार्ट फ्यूगेट उतरला, डोक्यापासून पायापर्यंत काळाकुट्ट. म्हणाला, जुन्या हवेच्या भोकातून सरपटत आलो. बायकांनी त्याला गराडा घातला. आतल्यांचं काय? “सगळे गेले,” तो म्हणाला, “ह्या डोळ्यांनी बघितलं.” मग भिंत राहिली तिथंच. साहेबानं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला, चौदातून एक वजा केला आणि तेरा मेले असं जाहीर केलं.

आणि एल्झी? एल्झी पितळेच्या हिशेबात नव्हताच. व्हर्ली कचेरीत गेली तर कारकून म्हणाला, तुझा नवरा आमच्याकडे कामाला नाही बाई, असेल तर बिल्ला दाखव. ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी तोंडात गुळणी धरली. उसना बिल्ला दिल्याचं कबूल केलं की नोकरीही जायची आणि कंपनीचं घरही. मग कुणीतरी म्हणालं, एल्झी ओहायोला पळाला असेल. एकदा असं म्हटल्यावर तो लोकांना दिसायलाच लागला. एकाला डेटनच्या न्हाव्याच्या दुकानात दिसला, दुसऱ्याला एका तांबड्या केसांच्या बाईबरोबर, तिसऱ्याला तर त्यानं हात करून ओळख दाखवली. खाणीत गुदमरून गेलेला माणूस ओहायोत चांगला जाड झाल्याची बातमी दर नाताळाला येऊ लागली. शाळेत पोरं गोल्डाला विचारायची, “काय गं, तुझ्या सावत्र आईचे केस कसे आहेत?” व्हर्लीनं दुसरं लग्न केलं नाही. टाकलेल्या बाईनं करायचं नसतं, आणि विधवा आहेस हे तिला कुणी म्हणू दिलं नाही.

एकोणऐंशीच्या एप्रिलात मात्र डोंगरानंच तोंड उघडलं.

आताच्या कंपन्या डोंगराच्या पोटात शिरत नसत, डोंगरच वरून सोलत. असंच सोलता सोलता एका बुलडोझरनं जुनी खाण फोडली. आत एका आडव्या बोगद्याच्या टोकाला दगड आणि फळ्या रचून भिंत केलेली होती, फटींत कोट आणि सदरे कोंबलेले होते. भिंतीमागे माणसं बसली होती, ओळीनं. सरकारी कागद करायला बोलावलेल्या थर्मन स्टॅम्परनं तीनदा मोजली. चौदा. पाय मोजले तर अठ्ठावीस बूट. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खाणीत अशी भिंत कशाला बांधतात. विषारी हवा बाहेर ठेवायला, आणि वाट बघायला. पण त्या आठवड्यात हे कुणी मोठ्यानं बोललं नाही.

चौदाही पट्ट्यांवर बिल्ले शाबूत होते. त्यातला एक दोनशे बारा.

थर्मन हा जिल्ह्याचा कॉरोनर, म्हणजे मेलेल्याची ओळख पटवून कागद करणारा. पुढच्या भागात त्याचं फर्निचरचं दुकान आणि मागच्या भागात मयताची तयारी. माणूस त्याच्याकडे पाळण्यापासून पेटीपर्यंत सगळं घेऊ शकायचा. गोल्डा दुकानात शिरली तेव्हा इतिहास समितीची बैठक चालू होती. म्हणजे थर्मनची बायको लर्लीनबाई एका नव्या सोफ्यावर बसून बोलत होत्या आणि सोफ्यावरचं प्लास्टिक करकरत होतं.

“थर्मन,” गोल्डा म्हणाली, “दोनशे बारा नंबर माझा बाप आहे.”

थर्मननं चष्मा लावला. “नंबर दोनशे बारा, होबार्ट फ्यूगेट. कंपनीच्या जुन्या रजिस्टरात आहे. मी कागद केलासुद्धा.”

“होबार्टकाका काल तुझ्या ह्याच दुकानात आले होते.”

“आले होते ना. झुलती खुर्ची बघायला. पण ते आपले सहज आले होते, गोल्डा. हा कागदाचा प्रश्न आहे.”

“अरे, जिवंत माणसाचा मेल्याचा कागद केलास?”

“मी नाही केला, पितळेनं केला. आपल्या आज्यापणज्यांपासून ठरलंय, पितळ खोटं बोलत नाही.”

“पितळ नाही बोलत रे, माणसं बोलतात.”

लर्लीनबाई तोंडभर हसल्या. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही समोरचा माणूस तिसरीत आहे अशा बेतानं बोलायच्या. “हे बघ बाळ, तुझ्या भावना मला कळतात. पण इतिहास छापून झालाय.” त्यांनी सोफ्याखालची खोकी दाखवली. त्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक, तीनशे प्रती, ‘तेरा वीर आणि एक चमत्कार’. “आता चौदा वीर म्हटलं तर चमत्काराचं काय करू?”

“मग चौदावा कोण तुमच्या मते?”

“असेल कुणी भटक्या. मालगाडीतून उतरला असेल, थंडी वाजली असेल, शिरला असेल आत.”

“तीन मैल आत? आणि शिरताना होबार्टकाकांचा बिल्ला लावून?”

“त्याचा खुलासा काकांनी केलाय. सरपटताना बिल्ला गळून पडला. तो कुणीतरी उचलून लावला.”

“मरता मरता? शोभेला?”

प्लास्टिक करकरलं. लर्लीनबाईंनी कागद पुढे केला. सरकारी नियमाप्रमाणे चौदा पेट्यांना चौदा नावं लागत होती. कागदावर चौदावं नाव होबार्ट फ्यूगेट असं होतं, तेव्हा दगडावरही तेच येणार, ‘मृत्यू १९३८’. खाली बारीक अक्षरांत समितीनं दोन शब्द वाढवले होते: ‘नंतर सुखरूप’.

गोल्डानं ते दोनदा वाचलं. “लर्लीनबाई, हे तुम्ही शुद्धीवर असताना लिहिलंत?”

“प्रतीकात्मक आहे ते,” लर्लीनबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी ती होबार्टकाकांच्या ओट्यावर गेली. काका नव्या झुलत्या खुर्चीत होते, छातीतून फुटका भाता चालल्यासारखा आवाज येत होता. डेल्सीकाकू शेजारी भाजी निवडत होत्या. त्यांचा नवऱ्यावर फार जीव, आणि नजर त्याहून जास्त. पोस्टातली बाई काकांशी दोनदा हसली म्हणून काकूंनी चाळीस वर्षांचं पोस्ट बदलून पाच मैलांवरचं धरलं होतं.

“दगड बघितलास का?” काकूंनी विचारलं. “गावात जिवंतपणी दगडावर नाव आलेला हा एकटाच माणूस. मागच्या खेपेला मी तीन दिवस रडले होते ह्यांच्यासाठी. काळा झगा उसना आणला होता.”

त्या कॉफी आणायला आत गेल्या तशी गोल्डा खाली वाकली. “काका, एकच वाक्य. थर्मनपुढे बोला, सही करा. बाकी खेचर, पट्टा, सगळं ठेवा तुमच्याकडे. मी एक अक्षर काढणार नाही.”

होबार्टकाकांनी रस्त्याकडे बोट केलं. “तुझी आई मला बघून रस्ता ओलांडते. एक्केचाळीस वर्षं. मी काय आंधळा आहे?”

“मग सांगा ना.”

“सांगून एल्झी उठून येणार आहे? गोल्डा, माझ्याकडे दुसरं काय आहे गं? ही छाती आणि ती गोष्ट. छाती तर चाललीच.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “मी मेल्यावर लिही काय लिहायचं ते.”

“तुम्ही मेलाच आहात, काका. थर्मनकडे कागद आहे.”

काका हसले. हसायला नको होतं, पण चांगला टोला त्यांना नेहमीच आवडायचा. हसता हसता खोकला आला, काकू धावत आल्या आणि गोल्डाला म्हणाल्या, “काय कुजबुजत होतीस गं त्यांच्या कानात?”

मेच्या शेवटच्या रविवारी क्रॅबट्री फोर्कमध्ये थडगी सजवतात. आधी आठवडाभर गवत काढायचं, माती सारखी करायची, बायकांनी क्रेप कागदाची फुलं करून मेणात बुडवायची. रविवारी सगळं गाव टेकडीवरच्या दफनभूमीत येतं, झाडांखाली चादरींवर मक्याचा पाव, तळलेली कोंबडी आणि सुक्या सफरचंदांचा थरांचा केक मांडला जातो. पण जेवायच्या आधी हजेरी. ब्रदर एस्टिल, म्हणजे गावचे धर्मोपदेशक, एकेक नाव वाचतात आणि विचारतात, “ह्याचं कोण आहे?” ज्याचं माणूस असेल त्यानं उभं राहून नातं सांगायचं आणि फुलं ठेवायची. ज्याचं कुणी उरलं नाही त्याच्यासाठी शेजारपाजारचं कुणीतरी उठतं. थडगं बोडकं राहिलं तर ती सगळ्या गावाची नाचक्की. दुसरा एक नियमही तेवढाच पक्का होता. जिवंत माणसाच्या नावाच्या थडग्यावर फूल ठेवलं तर वर्षाच्या आत तो माणूस ते थडगं भरतो. ह्यावर क्रॅबट्री फोर्कचा बायबलइतकाच विश्वास होता.

गोल्डानं ह्यावरच डाव मांडला होता. चौदाव्या दगडाला फ्यूगेटांपैकी कुणी फूल घालणार नव्हतं, आणि दुसरं कुणी घालून होबार्टकाकांचं मरण डोक्यावर घेणार नव्हतं. थडगं गावासमोर बोडकं राहील. लर्लीनबाईंनी बाहेरून पाहुणेही बोलावले होते, त्यांच्यासमोर राहील. मग कुणीतरी विचारील, असं का? “आई,” तिनं आदल्या दिवशी तीनतीनदा बजावलं होतं, “काही झालं तरी उठायचं नाही. एल्झी आयसन म्हटल्याशिवाय आपण उठायचं नाही.” व्हर्ली फुलांना मेण लावत होती.

ऊन चांगलं होतं. नवे चौदा दगड एका ओळीत. ब्रदर एस्टिल वाचत गेले, मुली, नातू, एक काठी टेकत आलेली बहीण, सगळ्यांनी आपापलं नातं सांगितलं, फुलं ठेवली. तेरा झाले.

“होबार्ट फ्यूगेट,” ब्रदर एस्टिलनी वाचलं आणि ते स्वतःच जरा अडखळले. पुढच्या रांगेत होबार्ट फ्यूगेट नव्या टायसकट बसले होते. “ह्याचं... कोण आहे?”

कुणी हललं नाही. काका आपल्या टोपीच्या आत काहीतरी शोधत होते. डेल्सीकाकूंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, चुकून एखादं फूल हाताला लागायला नको. लर्लीनबाई पाहुण्यांकडे बघून हसत होत्या. गोल्डा मनातल्या मनात आकडे मोजत होती. सातपर्यंत आली आणि शेजारची खुर्ची सरकली.

“आई, बस खाली,” तिनं व्हर्लीचा हात धरला. “आपलं नाव नाही घेतलं अजून.”

“नाव घेऊन काय करू?” व्हर्ली म्हणाली. “माणूस तिथं आहे.”

तिनं हात सोडवला आणि ती निघाली. सदुसष्ट वर्षांची, गुडघे धरलेले, हातात एवढा मोठा लाल कागदी झुबका. गोल्डाला संताप आला. इतकी वर्षं थांबलीस आणि आता दहा मिनिटं निघेनात तुला? पण ओरडायची सोय नव्हती.

ब्रदर एस्टिल तिला जन्मभर ओळखत होते. तरी रीत ती रीत. “होबार्ट फ्यूगेट,” ते पुन्हा म्हणाले. “व्हर्ली, तू ह्याची कोण?”

“बायको,” व्हर्ली म्हणाली.

ब्रदर एस्टिलनी यादीत पुन्हा बघितलं. मग डेल्सीकाकूंची खुर्ची मागे पडली.

“कोण? कोण म्हणाली ती?”

“डेल्सी, तू बस,” काका म्हणाले.

“बसू? चाळीस वर्षं ती बाई तुम्हाला बघून रस्ता ओलांडते! मी म्हणायची, बिचारी लाजते. आता कळलं कशाला लाजते ते! बोला की! सगळ्या गावासमोर बायको म्हणवून घेते, आणि तुम्ही टोपी कुरवाळत बसलाय?”

“अगं, तसं काही नाही...”

“मग कसं आहे? तुमच्या थडग्यावर तिचा काय हक्क?”

“ते माझं थडगं नाही!” होबार्टकाका ओरडले. एवढा आवाज त्यांच्या छातीतून बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. “तो एल्झी आहे. एल्झी आयसन, तिचा नवरा. माझा बिल्ला घेऊन गेला होता. मी नव्हतोच आत!”

देवाची भीती, गोल्डाची विनवणी, चौदा पेट्या, कशानंही जे चाळीस वर्षं बाहेर आलं नव्हतं, ते बायकोच्या संशयानं एका झटक्यात बाहेर काढलं. गोल्डाला वाटलं होतं की ह्या क्षणी ती आनंदानं नाचेल. ती नुसती खुर्चीची कड धरून उभी होती.

डेल्सीकाकूंनी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नवऱ्याला एकेरीत विचारलं, “मग तीन दिवस तू होतास कुठं?”

“ब्रश क्रीकला. टॅकेटच्या भट्टीवर. पिऊन पडलो होतो. शुद्धीवर आलो तर तो म्हणाला, अरे होबार्ट, तू परवाच मेलास. काय करू मग? बिल्ला दिला म्हटलं तर घर गेलं असतं. तोंडाला कोळसा फासला आणि आलो खाली.”

“मी झगा उसना आणला होता!”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं, मग सगळी टेकडीच. एक म्हातारा डोळे पुसत ओरडला, “आणि मॉड? मॉडपण प्यायली होती का रे?” लर्लीनबाई पाहुण्यांना काहीतरी समजावत होत्या आणि पाहुणेच सगळ्यांत जास्त हसत होते. होबार्टकाकांनी आजूबाजूला बघितलं. लोकं हसतायत म्हटल्यावर त्यांच्या ओठाचा कोपरा सवयीनं वर गेला. वाचलो, असं त्यांना क्षणभर वाटलं असावं.

“होबार्ट,” व्हर्ली म्हणाली.

ती दगडापाशी उभी होती, पाठ वळवून. एक्केचाळीस वर्षांत तिनं त्यांना पहिल्यांदा नावानं हाक मारली होती.

“तू आत नव्हतास, तर मग सगळे मेले हे तुला कुणी सांगितलं?”

हसणं तुटक तुटक होत थांबलं.

“मी तुझ्या सदऱ्याला धरून विचारलं होतं. तू म्हणालास, डोळ्यांनी बघितलं. म्हणून आम्ही बायका घरी गेलो. त्यांनी आत भिंत बांधली होती, होबार्ट. मेलेली माणसं भिंत नाही बांधत.”

होबार्टकाकांनी तोंड उघडलं. गावानं वाट बघितली, कारण गावाला त्यांच्या तोंडातून गोष्ट यायची सवय होती. काही आलं नाही. ते दोन पावलं मागे सरले आणि गवतावरच बसले, टाय लोंबत राहिला. डेल्सीकाकूंनी त्यांच्याकडे पाठ केली. पुढच्या रांगेतली ती काठी टेकणारी बहीण, जिचा भाऊ त्याच ओळीत पाचवा होता, मोठ्यानं रडायला लागली.

लर्लीनबाई उठल्या. “मला वाटतं, हा विषय आपण समितीच्या पुढच्या बैठकीत...”

“लर्लीन, गप बस,” ब्रदर एस्टिल म्हणाले. त्यांनी यादी घडी करून खिशात टाकली. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि कागद नसताना पुन्हा वाचायला लागावं तसं समोर बघत म्हणाले, “एल्झी आयसन. ह्याचं कोण आहे?”

ह्या प्रश्नाचं उत्तर गोल्डाकडे सहा वर्षांची असल्यापासून तयार होतं. शाळेतल्या पोरांसाठी, डेटनच्या न्हाव्यासाठी, तांबड्या केसांच्या बाईसाठी, लर्लीनबाईंच्या तीनशे प्रतींसाठी तिनं त्याला धार लावून ठेवली होती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. ती चालत दगडापर्यंत गेली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना.

“मी बायको,” व्हर्लीनं सांगितलं. मग ती कष्टानं वाकली, झुबका मातीत रोवला आणि माणूस अंगणात बसला असावा अशा साध्या आवाजात त्याच्याशी बोलायला लागली.

“एल्झी, तुला मी ओळखू येणार नाही रे. म्हातारी झाले. तू अजून अठ्ठावीसचाच.” तिनं मागे हात करून गोल्डाला पुढे ओढलं. “आणि ही बघ. ही गोल्डा. तू गेलास तेव्हा सहाची होती.”

सत्तेचाळीस वर्षांची गोल्डा आईच्या पाठीमागे सरकली आणि तिथूनच रडत रडत बापाच्या थडग्याकडे बघत राहिली.